ग्रीसमधील शालेय शिक्षणव्यवस्था

शिक्षण हे राज्यसंस्थेचे मूलभूत कार्य आहे, असे ग्रीसच्या १९७५ च्या संविधानातील सोळाव्या अनुच्छेदात म्हटले आहे. सक्तीच्या शिक्षणाचा काळ नऊ वर्षांहून कमी नसावा आणि सरकारी संस्थांतील शिक्षण सर्व स्तरांवर विनामूल्य असावे, ही तरतूदही त्याच अनुच्छेदात आहे. प्रत्यक्षात हा काळ आता वयाच्या चौथ्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत, म्हणजे अकरा वर्षांचा झाला आहे. बालवर्गाचे एक वर्ष २००६ च्या कायद्याने आणि दुसरे २०१८ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्यात आले. बालवर्गानंतर (निपियागोयीओ) सहा वर्षांची प्राथमिक शाळा (दिमोतिको), तीन वर्षांची निम्नमाध्यमिक शाळा (यिम्नासिओ) आणि तीन वर्षांची उच्चमाध्यमिक शाळा (लीकिओ) असा क्रम आहे. लीकिओ सक्तीचे नाही. त्याचे सामान्य आणि व्यावसायिक (एपाल) असे दोन मुख्य प्रकार असून, नोकरी करणाऱ्यांसाठी सायंशाळाही आहेत.

या आराखड्याचा उगम कोठून झाला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ओटोमन सत्तेविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस, ग्रीसचे राज्यप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास यांच्या कारकिर्दीत (१८२८–३१) प्राथमिक शिक्षणासाठी परस्परशिक्षण पद्धती स्वीकारण्यात आली. एकच शिक्षक वरच्या मुलांना धडा देई आणि ती मुले भिंतीवरच्या तक्त्यांभोवती अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या लहान मुलांकडून तो घोकून घेत. अक्षरओळख नसलेली मुले पुढच्या बाकावर पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत. या पद्धतीचे फ्रेंच मार्गदर्शक पुस्तक इओआनिस कोकोनिस यांनी ग्रीकमध्ये आणले (१८३०). तिचा एक धागा मद्रासपर्यंत जातो. स्कॉटिश धर्मोपदेशक अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील एग्मोरच्या अनाथाश्रमात तिचा प्रयोग केला होता आणि देशी शाळेतील मुले वाळूत लिहिताना पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे त्यांनीच नमूद केले आहे. पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी माहीत असलेल्या वाचकाला ग्रीक शाळेतले वाळूचे बाक फारसे परके वाटू नयेत. ही पद्धती ग्रीसमध्ये १८८० पर्यंत अधिकृतपणे टिकून राहिली.

बव्हेरिया या जर्मन राज्यातून आलेला ग्रीसचा राजा ऑटो अल्पवयीन असताना कारभार पाहणाऱ्या बव्हेरियन राजप्रतिनिधी मंडळाने फेब्रुवारी १८३४ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. तो बव्हेरियन नमुन्यावर बेतलेला होता, असे जुन्या इतिहासलेखनात सर्रास आढळते. ऑटोचे घराणे आणि मंडळाचे एक सदस्य, जर्मन कायदेपंडित गेऑर्ग फोन माउरर यांची पार्श्वभूमी पाहता हा समज स्वाभाविक होता. तथापि प्रत्येक नगरपालिकेवर शाळेची जबाबदारी टाकणे आणि शिक्षकांची परीक्षा घेऊन प्रतवारी लावणे, या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी फ्रान्समधील १८३३ च्या गिझो कायद्याशी (शिक्षणमंत्री गिझो यांच्या प्राथमिक शिक्षणविषयक कायद्याशी) इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की फ्रेंच उगमाचे मत आता अधिक ग्राह्य मानले जाते. मात्र पाच ते बारा या वयोगटासाठी शिक्षणाची सक्ती गिझो कायद्यात नव्हती. बव्हेरियात ती १८०२ पासून होती. त्यामुळे कायद्याचा सांगाडा फ्रेंच आणि सक्तीचे तत्त्व जर्मन, ही मांडणी पुराव्याशी अधिक सुसंगत वाटते. माध्यमिक शिक्षणाबाबत असा वाद फारसा नाही. १८३६ अखेरच्या आदेशाने स्थापन झालेली तीन वर्षांची ‘हेलेनिक शाळा’ आणि तिच्यापुढील चार वर्षांचे यिम्नासिओ ही जोडी बव्हेरियातील लॅटिन शाळा व गिम्नाझियम यांची ग्रीक आवृत्तीच होती. लॅटिनची मध्यवर्ती जागा तेथे प्राचीन ग्रीकला मिळाली.

ही रचना १९२९ पर्यंत चालली. त्या वर्षी हेलेनिक शाळा बंद करून सहा वर्षांची प्राथमिक शाळा आणि सहा वर्षांचे यिम्नासिओ अशी विभागणी झाली. येऑर्यिओस पापांद्रेऊ यांच्या सरकारने १९६४ मध्ये, शिक्षणतज्ज्ञ एव्हांगेलोस पापानुत्सोस यांच्या पुढाकाराने, यिम्नासिओचे तीन-तीन वर्षांचे दोन भाग केले आणि सक्ती नऊ वर्षांची केली. १९६७ च्या लष्करी राजवटीने ते सर्व मोडीत काढले. लोकशाही परतल्यावर १९७६ च्या कायद्याने जवळजवळ तोच आराखडा पुन्हा आणला. बोलीनिकट ‘दिमोतिकी’ ही शिक्षणाची भाषा ठरून ‘काथारेवुसा’ या संस्कारित लेखनभाषेची शाळांतील सत्ताही त्याच कायद्याने संपली. तत्पूर्वी १९१७ मध्ये दिमोतिकी प्राथमिक शाळेत आली होती, पण १९२० च्या सत्तांतरानंतर ती पुन्हा हटवली गेली. शाळेची भाषा आणि शाळेचे टप्पे हे दोन्ही प्रश्न ग्रीसमध्ये एकाच राजकीय झोपाळ्यावर हेलकावत राहिले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आजच्या शाळांच्या कारभाराचा मुख्य आधार १९८५ चा कायदा क्रमांक १५६६ हा असला, तरी त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या आहेत.

व्यवस्थेचे प्रमुख लक्षण म्हणजे केंद्रीकरण. अभ्यासक्रम मंत्रालय ठरवते आणि पाठ्यपुस्तके विनामूल्य वाटली जातात. शिक्षकही केंद्रीय यादीतून नेमले जातात. मंत्रालयाखाली तेरा प्रादेशिक संचालनालये असून इमारतींची देखभाल नगरपालिकांकडे असते. दुर्गम बेटांवर व डोंगराळ गावांत एकशिक्षकी प्राथमिक शाळा अजूनही आढळतात. तेथील आणि एकूणच रिक्त जागा दर वर्षी हंगामी शिक्षकांनी (आनाप्लिरोतेस) भरल्या जातात व या शिक्षकांना अनेकदा दर सप्टेंबरमध्ये नव्या गावी बिऱ्हाड हलवावे लागते. शालेय वर्ष सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. पहिल्या दिवशी ऑर्थोडॉक्स धर्मगुरू पाणी अभिमंत्रित करून ते मुलांवर शिंपडतात. पहिल्या दोन इयत्तांत गुण दिले जात नाहीत, पाचवी-सहावीत ते दहापैकी असतात आणि यिम्नासिओपासून वीसपैकी.

लीकिओचे पहिले वर्ष सर्वांना समान असते. दुसऱ्या वर्षापासून शाखा सुरू होतात आणि तिसऱ्या वर्षाचा सारा रोख विद्यापीठ-प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षांकडे (पानेल्लादिकेस) असतो. सामान्य लीकिओचा विद्यार्थी चार विषयांची परीक्षा देतो; मानव्यशाखेत ते आधुनिक ग्रीक, प्राचीन ग्रीक, इतिहास आणि लॅटिन हे आहेत. परीक्षेच्या सकाळी प्रश्न मंत्रालयाकडून इलेक्ट्रॉनिक मार्गाने केंद्रावर येतात आणि तेथेच त्यांच्या प्रती काढल्या जातात. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकलेले असते आणि ती दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतात; त्यांच्या गुणांत मोठी तफावत पडल्यास ती तिसऱ्याकडे जाते. गुण जाहीर झाल्यावर विद्यार्थी पसंतीक्रमाने विभागांची यादी भरतो. २०२१ पासून प्रत्येक विद्यापीठ-विभाग किमान गुणमर्यादाही लावतो, त्यामुळे काही विभागांतील जागा रिकाम्या राहतात. विनामूल्य शिक्षणाचे संविधानिक तत्त्व आणि या परीक्षेसाठी संध्याकाळी भरणारे खाजगी शिकवणीवर्ग (फ्रोंदिस्तिरिओ) यांच्यातील विसंगतीवर ग्रीक अभ्यासकांनी वारंवार बोट ठेवले आहे. व्यावसायिक लीकिओच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाच्या स्वतंत्र जागा राखलेल्या असतात.

ईशान्य ग्रीसमधील पश्चिम थ्रेस या प्रदेशातल्या मुस्लिम अल्पसंख्याकांच्या शाळा या सर्वसाधारण चौकटीबाहेर आहेत. तुर्कस्तानबरोबरच्या १९२३ च्या लोझान तहाने त्यांना संरक्षण मिळाले असून, त्यांच्या प्राथमिक शाळांत गणित, विज्ञान व धर्म हे विषय तुर्कीत, तर इतिहास व भूगोल ग्रीकमध्ये शिकवले जातात. पुढील शिक्षणासाठी या समाजातील बहुसंख्य मुले सामान्य सरकारी शाळांत जातात. उच्च शिक्षणात त्यांच्यासाठी ०.५ टक्के अतिरिक्त जागांची तरतूद १९९० च्या दशकाच्या मध्यात करण्यात आली.