एकच मिग-२१, ओझरचं आणि शेनयांगचं

परदेशी विमान आपल्या कारखान्यात बांधलं की लोक सरसकट ‘कॉपी’ म्हणून मोकळे होतात. पण परवान्यावर विमान बांधणं वेगळं आणि रिव्हर्स इंजिनिअरिंग, म्हणजे तयार वस्तू खोलून तिच्यावरून तशीच बनवणं, वेगळं. सोव्हिएत लढाऊ विमान मिग-२१ वरून हे नीट कळतं, कारण साठच्या दशकात भारत आणि चीन दोघांनीही ते मायदेशी बांधायला घेतलं.

भारताने १९६२ साली सोव्हिएत संघाशी करार केला आणि नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. आधी तयार भाग यायचे, इथे जोडणी व्हायची. पुढे भागही इथेच घडू लागले. ड्रॉइंग, चाचण्यांच्या पद्धती, सगळं रशियनांकडून. अमुक जाडीचा पत्रा वापरा, हे कागदावर असतं. तेवढीच जाडी का, हे मात्र नसतं.

परवाना चीनलाही १९६१ मध्ये मिळाला होता. पण मॉस्कोशी बिनसलं आणि कागदपत्रं अर्धवटच हाती आली. मग शेनयांगच्या कारखान्यातल्या अभियंत्यांनी हाती असलेली विमानं खोलली, भाग न् भाग मोजला, गाळलेल्या जागा स्वतः भरल्या. जानेवारी १९६६ मध्ये जे-७, म्हणजे चिनी मिग-२१, उडालं. ‘का’ शोधल्याशिवाय इथे पुढे सरकताच येत नव्हतं. त्यामुळेच पुढे चीनने त्याला नवा पंख बसवून जे-७ई काढलं आणि या घराण्याचं उत्पादन २०१३ पर्यंत चाललं. आपल्या मिगचं ‘बायसन’ हे सुधारित रूप करताना मात्र पुन्हा रशियनांनाच सोबत घ्यावं लागलं.

म्हणून रिव्हर्स इंजिनिअरिंग सरस? तसंही नाही. मोजपट्टीने आकार कळतो, प्रयोगशाळेत मिश्रधातूतले घटक कळतात. पण टर्बाइनचं पातं कसं ओतलं, कसं थंड केलं, हे तयार पात्यावरून सहजी उमगत नाही. सुखोई-२७ या रशियन लढाऊ विमानाचा परवाना घेऊन चीनने पुढे त्याचंच जे-११बी केलं, तेव्हा सांगाडा जमला. डब्ल्यूएस-१० हे स्वतःचं इंजिन भरवशाचं व्हायला मात्र वर्षानुवर्षं लागली, आणि तोवर रशियन इंजिनं विकत घेणं चालूच राहिलं. (कॉपीला फुकटचा माल समजणाऱ्यांनी हे बिल पाहावं.)

तेजस या दोन्हींत बसत नाही. त्याची रचनाच इथली. सप्टेंबर २०२५ मध्ये भारतीय हवाई दलातून मिग-२१ निवृत्त झालं आणि पुढच्याच महिन्यात ओझरहून तेजस मार्क-१ए उडालं. इंजिन अमेरिकेचं, एफ-४०४.