कर्ण्याचा तुटलेला एल्बो: जस्ताच्या ओतकामाची दुरुस्ती

जुन्या फोनोग्राफचा किंवा ग्रामोफोनचा कर्णा पत्र्याचा असतो, आणि पत्रा सहसा तुटत नाही. तो चेपतो, गंजतो, पाकळ्यांच्या शिवणीत सुटतो. तुटतो तो बहुधा कर्णा आणि यंत्र यांना जोडणारा ओतीव भाग: वाकडी मान म्हणजे एल्बो, तिची चकती किंवा कर्णा पेलणारा कंस. कारण सरळ आहे. कर्णा अर्धा मीटरहून लांब असला, तर त्याच्या तोंडाला लागलेला धक्का तरफेसारखा वाढून मानेपाशी पोहोचतो, आणि ओतीव धातू वाकत नाही, तडकतो.

हा तुकडा पुन्हा जोडताना नुसती ताकद पाहून भागत नाही. साउंड बॉक्समधला, म्हणजे सुईची थरथर पकडणाऱ्या डबीतला, पडदा लहान आहे. त्याची थरथर खोलीतल्या मोकळ्या हवेला थेट देता येत नाही. कर्णा ती अरुंद घशातून हळूहळू रुंद होत जाणाऱ्या हवेच्या स्तंभाकडे सोपवतो. घशाशी हवेचा दाब सर्वांत जास्त असतो. म्हणून कर्ण्याच्या रुंद तोंडाजवळची फट एकवेळ चालते, पण मानेतल्या केसाएवढ्या भेगेतूनही आधी खर्जाचे सूर गळतात आणि आवाज पातळ, चिरका होतो. सांधा मजबूत हवा, हवाबंद हवा, आणि कंप पावताना खडखडणारा नको.

कामाला हात घालण्याआधी धातू ओळखावा. इथे चुकलं तर भाग कायमचा जातो. लोहचुंबक लावून पाहणं ठीक, पण तो तुटलेल्या ताज्या कडेला लावावा, बाहेरच्या चकचकीत पृष्ठभागाला नाही. त्यावर निकेलचा मुलामा असतो, आणि निकेलही चुंबकाला हलकं ओढतं. त्यामुळे जस्ताचा एल्बो लोखंडी वाटू शकतो. कडेला चुंबक पक्का चिकटला तर बीड किंवा पोलाद. न चिकटल्यास आतल्या, न दिसणाऱ्या जागी कानस एकदाच फिरवावी. पिवळी रेघ म्हणजे पितळ. निळसर करडी रेघ आणि हाताला वजनदार तुकडा म्हणजे जस्ताचं मिश्रण. पांढरी रेघ आणि फारच हलका तुकडा म्हणजे ॲल्युमिनियम.

पितळ वितळायला ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. शुद्ध जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि साच्यात ओतायची त्याची मिश्रणं साधारण ३८० अंशांपासूनच मऊ पडू लागतात. गॅसच्या ज्योतीसमोर एवढं तापमान काहीच नाही. शिवाय जस्त आधी सूचना देत नाही. लोखंड तापलं की लाल होतं आणि आपण हात आखडता घेतो. पण धातूची लाली दिसू लागते ती ५०० अंशांच्या पुढे. तोवर जस्ताचा एल्बो टेबलावर ओघळलेला असतो. जास्त तापल्यास त्याचा धूरही निघतो, आणि तो श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. जस्ताच्या भागाजवळ ज्योत नेऊच नये.

मग सोल्डरिंग आयर्नने शिसं-कथलाचा डाग द्यावा का? तेही नको. या धातूचा जुना आजारच शिसं आणि कथील यांच्यामुळे होतो. सुरुवातीच्या काळात ओतकामाला वापरलेल्या जस्तात या दोहोंचे अंश राहून जात. ते धातूच्या कणांच्या सीमांवर साचतात. हवेतल्या दमटपणाने त्या सीमा आतून गंजू लागतात, गंजाला जागा जास्त लागते, आणि सगळा भाग फुगतो, त्यावर जाळीसारख्या भेगा पडतात. १९२९ मध्ये ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून झमॅक मिश्रणं तयार झाली, तेव्हा या दुखण्यावर खरा उपाय मिळाला. त्यांत शिशाचा अंश ०.००५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. इतक्या थोड्या शिशाने बिघडणाऱ्या धातूवर शिशाचा थेंब वितळवणं म्हणजे रोग स्वतःहून टोचणं आहे.

म्हणून दुरुस्तीआधी भाग निरोगी आहे का, हे पाहावं. मुलाम्याला फोड आलेत, भेगा जाळीसारख्या आहेत, कड नखाने खरवडली तरी चुरा पडतो, किंवा पूर्वी सहज बसणारी नळी आता अडकते, अशी लक्षणं दिसली तर जोडकाम करू नये. सांधा टिकेल, पण शेजारचा धातू तुटेल. असा भाग आकाराचा नमुना म्हणून जपावा आणि त्यावरून पितळेचा नवा करून घ्यावा. फुगलेल्या तुकड्यावरून साचा घेतला तर नवा भागही मोठाच येतो. म्हणून मापं त्यात बसणाऱ्या नळीवरून घ्यावीत.

भाग निरोगी असेल तर एपॉक्सी (राळ आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा गोंद) आणि आतून धातूचा आधार, हाच उत्तम मार्ग. तुटलेल्या कडा कानशीने साफ करण्याचा मोह टाळावा. त्यांचा खडबडीतपणा कुलूप-किल्लीसारखा एकमेकांत बसतो. एकदा घासला की मान वाकडी बसते आणि सुईचा कोन बिघडतो. मऊ ब्रश आणि ॲसिटोन एवढंच वापरावं, नंतर कडांना बोट लावू नये. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद तर नकोच. तो धक्क्याने सुटतो, आणि कडेत मुरला की तिथे दुसरं काही धरत नाही.

भिंत ४ मिमी किंवा जाड असेल तर दोन्ही बाजूंना ७-८ मिमी खोल भोकं पाडून १.५ मिमी जाडीच्या तीन पितळी पिना घालाव्यात. भोक पिनेपेक्षा ०.२ मिमी मोठं ठेवावं, म्हणजे पिनेभोवती एपॉक्सीचा थर राहील आणि पितळ जस्ताला टेकणार नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि ओल मिळाली तर जस्तच आधी झिजतं. समोरासमोरची भोकं जुळवण्यासाठी एका बाजूच्या भोकांच्या कडेला शाई लावून दुसरी बाजू हलकेच टेकवावी. ड्रिल मंद फिरवावं; मऊ जस्त बिटाला चिकटतं आणि अडकलेलं बिट कड फोडतं.

भिंत पातळ असेल तर पिनांच्या नादी लागू नये. ०.५ मिमी पितळी पत्र्याची नळी वळवून मानेच्या आत, सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५-१५ मिमी जाईल अशी बसवावी. २५ मिमी व्यासाच्या मानेचं आतलं क्षेत्रफळ त्यामुळे सुमारे ८ टक्के घटतं. नळीच्या टोकाची पायरी आवाजाला अडवेल ही भीती नको: ३,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबीही साधारण ११ सेंमी असते, त्यापुढे अर्धा मिलिमीटर काहीच नाही. तरी नळीच्या कडा कानशीने निमुळत्या कराव्यात.

एपॉक्सी २४ तासांत घट्ट होणारी, सावकाश जातीची घ्यावी. पाच मिनिटांत सुकणारी तुलनेने कमकुवत असते. दोन्ही भाग पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावेत. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल, ही समजूत चुकीची आहे. राळ आणि हार्डनर यांचे रेणू ठरावीक संख्येत जोडले जातात. उरलेला हार्डनर तसाच राहून सांधा चिकट, मऊ ठेवतो. तुकडे दाबतानाही अति जोर नको, मध्ये ०.१ ते ०.२ मिमी थर उरायला हवा. कर्ण्याचं वजन सात दिवसांनीच द्यावं.

डाग द्यायचा तो पत्र्याच्या कर्ण्याला. सिलिंडर वाजवणाऱ्या एडिसनच्या यंत्रांत मोठा कर्णा एका कडीने साखळीला टांगलेला असे, आणि ही कडी हमखास उखडते. शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंशांना वितळू लागतं. निरपेक्ष मापात ते ४५६ केल्विन. खोलीतलं ३०० केल्विन तापमान त्याच्या दोन तृतीयांश भरतं, म्हणून सतत ताणाखाली सोल्डर वर्षानुवर्षं हळूहळू सरकत राहतं. कडी नुसती टोकावर चिकटवली तर ती सुटणारच. आधी तिला २० × १० मिमीच्या पितळी पट्टीवर बसवावं, पट्टी कर्ण्याच्या गोलाईप्रमाणे वाकवावी, दोन्ही पृष्ठभागांना कल्हई करावी आणि मग जोडावं. शेजारच्या रंगाभोवती ओला फडका गुंडाळावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो जाळू नये आणि कोरडा घासू नये. पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच वापरावा. झिंक क्लोराइडचा फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून आधी लावायचा द्राव) वापरला असेल तर गरम पाण्याने दोन-तीनदा धुवावं, नाहीतर डागाभोवतीच गंज धरतो.

सगळं बसवल्यावर अंधारात मानेत छोटा दिवा सोडून सांधा बाहेरून पाहावा; उजेड दिसला तर हवाही जाते. मग मोबाइलचा स्पीकर मानेला टेकवून १०० ते १,००० हर्ट्झपर्यंतचा स्वर सावकाश चढवावा. एखाद्या स्वराला खडखड झाली की तो स्वर तिथेच थांबवून एकेक भाग बोटाने दाबत जावं. ज्यावर बोट ठेवताच आवाज थांबेल, तो सैल. कर्णा आणि एल्बो यांच्यात १ मिमी जाडीचा चामड्याचा वॉशर घातला की धातूवर धातू वाजत नाही. स्क्रू हाताने टेकेपर्यंत फिरवून पुढे फक्त पाव वळसा द्यावा. जस्तातले आटे दाबाखाली सावकाश बसतात, म्हणून महिन्याभराने तेच स्क्रू पुन्हा एकदा तपासावेत.