टॉमस ॲक्वायनस कॉलेज

टॉमस ॲक्वायनस कॉलेज : अमेरिकेतील एक लहान रोमन कॅथलिक लिबरल आर्ट्‌स महाविद्यालय. मुख्य परिसर कॅलिफोर्निया राज्याच्या व्हेंचुरा काउंटीत, सांता पॉला गावाजवळ आहे. २०१९ पासून मॅसॅच्यूसेट्‌स राज्यातील नॉर्थफील्ड येथे दुसरा परिसर चालतो. संस्थेला तेराव्या शतकातील ईश्वरविद्यावेत्ते संत टॉमस ॲक्वायनस (सु. १२२५–७४) यांचे नाव दिले आहे. येथे बी. ए. ही एकच पदवी मिळते. मुख्य विषय, ऐच्छिक विषय, व्याख्याने, क्रमिक पुस्तके यांपैकी काहीच नाही. मुलगे व मुली चारही वर्षे एकच ठरलेला अभ्यासक्रम मूळ ग्रंथांच्या आधारे पुरा करतात. दुसऱ्या महाविद्यालयात दोन-तीन वर्षे काढून आलेल्यालाही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

स्थापनेचे वर्ष सामान्यतः १९७१ धरतात. त्या वर्षी कॅलाबासस येथे क्लॅरेशियन या कॅथलिक धर्मसंघाच्या भाड्याने घेतलेल्या सेमिनरीत (धर्मगुरूंच्या प्रशिक्षणालयात) ३३ विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाले. मात्र शैक्षणिक आराखडा १९६९ चा आहे. कॅथलिक उदार शिक्षणाविषयीचा तो छोटेखानी प्रस्ताव संस्थेत आजही प्रमाण मानला जातो. रॉनल्ड मॅकार्थर (पहिले अध्यक्ष, १९७१–९१), मार्कस बर्क्विस्ट, जॉन न्यूमायर व पीटर डीलुका ही संस्थापकांतील प्रमुख नावे.

या आराखड्याचे मूळ कोठे, याबद्दल एकमत नाही. एका मताप्रमाणे तो ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजचा कॅथलिक अवतार होय. स्ट्रिंगफेलो बार व स्कॉट ब्यूकॅनन यांनी १९३७ मध्ये तेथे श्रेष्ठ ग्रंथांवर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला होता. कॅलिफोर्नियातील सेंट मेरीज कॉलेजने १९५६ मध्ये त्याच धर्तीचा एक विभाग काढला, आणि संस्थापकांपैकी काही जण या सेंट मेरीजमध्येच अध्यापक होते. गोलमेज, ‘ट्यूटर’ (व्याख्यान न देता चर्चा चालवणारा अध्यापक) हे पद, फळ्यावरची सिद्धता ही बाह्यांगे या वाटेने आली, हे उघड आहे. दुसरे मत क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठाकडे बोट दाखवते. तेथील तत्त्वज्ञ चार्ल्‌स डी कोनिंक (१९०६–६५) यांच्या परंपरेत मॅकार्थर, न्यूमायर व बर्क्विस्ट तयार झाले होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील भाष्यात ॲक्वायनस यांनी अध्ययनाचा क्रम सांगितला आहे : आधी तर्कशास्त्र, मग गणित, निसर्गविचार, नीती आणि सर्वांत शेवटी सत्तामीमांसा व ईश्वरविचार. लाव्हालमध्ये हा क्रम कसोशीने पाळला जाई. सेंट जॉन्समध्ये ग्रंथांचा क्रम मुख्यतः कालानुक्रमे लागतो आणि कोणत्याही एका लेखकाला अंतिम अधिकार नसतो. टॉमस ॲक्वायनसमध्ये मात्र सगळी मांडणी ईश्वरविद्येकडे नेणारी आहे. हे पाहता आराखड्याचा गाभा लाव्हालचा व वर्गाची रीत सेंट जॉन्सची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

याला समकालीन वादाचीही पार्श्वभूमी आहे. जुलै १९६७ मध्ये विस्कॉन्सिनमधील लँड ओ’लेक्स येथे उत्तर अमेरिकेतील काही कॅथलिक विद्यापीठांच्या धुरीणांनी, कोणत्याही बाह्य अधिकारापुढे, मग तो चर्चचा का असेना, विद्यापीठ स्वायत्त असले पाहिजे, असे निवेदन काढले. १९६९ चा प्रस्ताव याच्या नेमका उलट पक्ष घेतो : श्रद्धा ही बुद्धीला अडसर नसून मार्गदर्शक आहे. पण त्याला निव्वळ प्रत्युत्तर म्हणणे अपुरे ठरेल. त्याचा बराच भाग काय व कोणत्या क्रमाने शिकवावे याविषयी आहे.

ईश्वरविद्या, तत्त्वज्ञान, गणित, निसर्गविज्ञान व सेमिनार (ग्रंथचर्चेचा वर्ग) चारही वर्षे असतात. लॅटिन दोन वर्षे, संगीत एक वर्ष. ईश्वरविद्येत पहिल्या वर्षी बायबल, दुसऱ्या वर्षी मुख्यतः संत ऑगस्टीन आणि पुढील दोन वर्षे ॲक्वायनस यांचा ‘सुम्मा थिओलॉजिए’.

गणिताची सुरुवात यूक्लिडच्या ‘एलिमेंट्‌स’ने होते. ट्यूटर ज्याचे नाव घेईल त्याने फळ्याजवळ जाऊन, हाती टिपण न घेता, पक्ष व साध्य सांगून आकृती काढायची आणि प्रत्येक पायरीला आधीचे कोणते प्रमेय, व्याख्या वा गृहीतक लागले ते सांगायचे. पाठांतर येथे लवकर उघडे पडते. आकृतीवरची अक्षरे बदलली किंवा त्रिकोण उलटा काढायला सांगितला, की घोकून आलेला अडखळतो. पहिल्या पुस्तकातील पाचवे प्रमेय, म्हणजे समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात हे, बऱ्याच जणांचा पहिला अडथळा. कारण बाजू वाढवून काढलेले दोन त्रिकोण एकमेकांवर चढलेले असतात आणि नेमका कोणता त्रिकोण चालू आहे याचा ताळमेळ सुटतो.

त्याहून मौजेची गोष्ट पहिल्याच प्रमेयात आहे. दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढण्यासाठी दोन्ही टोके केंद्र धरून दोन वर्तुळे काढतात व ती छेदतात तो बिंदू घेतात. ती छेदतातच कशावरून? यूक्लिडच्या पाच गृहीतकांत याचे उत्तर नाही. ही फट भूमितीच्या पायाचा फेरविचार झाला तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नीट बुजवली गेली. वर्गात ही शंका विद्यार्थ्यांकडूनच निघावी, अशी अपेक्षा असते; ट्यूटरने ती आधीच सांगून टाकली तर तासाचे काम संपते. पहिली अठ्ठावीस प्रमेये पाचव्या, म्हणजे समांतर रेषांविषयीच्या, गृहीतकाविना सिद्ध होतात, त्याची गरज प्रथम एकोणतिसाव्या प्रमेयात लागते. हे ज्याने पहिल्या वर्षी ध्यानात घेतले त्याला चौथ्या वर्षी, हे गृहीतक सोडून वेगळी भूमिती रचणारा लोबाचेव्हस्की वाचताना फारसे जड जात नाही.

दुसऱ्या वर्षी पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी मानणारा टॉलेमी, सूर्य केंद्रस्थानी मानणारा कोपर्निकस व केप्लर येतात. कच्च्या विद्यार्थ्याची दमछाक बहुधा टॉलेमीपाशी होते. त्याच्या जीवा-सारणीत (वर्तुळातील कोनांप्रमाणे जीवांच्या लांब्यांच्या कोष्टकात) त्रिज्या ६० भागांची असून अर्ध्या अंशापासून १८० अंशांपर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंशाने ३६० नोंदी आहेत, आणि सगळा हिशेब साठांशांत, म्हणजे दहाऐवजी साठच्या पटीत. दशमान पद्धतीची सवय असलेला हातचे चुकवतो. चुकीचा ठरलेला सिद्धांत का शिकवावा, या आक्षेपाला येथील उत्तर असे, की टॉलेमीचे गणित स्वतः केल्याशिवाय कोपर्निकसने नेमके काय हलवले ते कळत नाही.

विज्ञानातही हीच रीत. डाल्टनने ‘सर्वांत साधे संयुग’ हा नियम धरून पाण्याच्या कणात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा एकेक अणू मानला. त्यामुळे ऑक्सिजनचा अणुभार निम्म्याच्या आसपास निघाला. गे-ल्युसॅकने मोजलेली संयोग पावणाऱ्या वायूंची आकारमाने, समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते हे ॲव्होगाड्रोचे १८११ चे गृहीतक व त्यावरून अणुभार ठरवणारी १८५८ मधील कॅनिझ्झारोची मांडणी एकापुढे एक ठेवली म्हणजे हा घोटाळा कसा सुटला ते दिसते.

ट्यूटर खातेनिहाय नेमलेले नसतात; गणिताचा पदवीधरही लॅटिन वा ईश्वरविद्या घेतो. खरा शिक्षक ग्रंथकार, ट्यूटर केवळ वाटाड्या, अशी भूमिका. एका वर्गात पंधरा ते वीस जण. चर्चा बिघडण्याची कारणे ठरलेली आहेत : एखादा सर्व वेळ बोलतो, कोणी बाहेरची टीका वाचून येऊन मूळ उताऱ्याला बगल देतो, किंवा शांतता असह्य होऊन ट्यूटरच व्याख्यान सुरू करतो. पहिल्या दोहोंवर ‘ग्रंथात हे कोठे आहे?’ हा प्रश्न पुरतो. तिसऱ्यावर ट्यूटरचा संयम हाच इलाज. मूल्यमापनासाठी गुणांखेरीज ‘डॉन रॅग’ असते. विद्यार्थ्याला समोर बसवून त्याचे सर्व ट्यूटर त्याच्याविषयी आपापसांत, त्याच्या देखत बोलतात; शेवटी त्याला उत्तराची संधी मिळते. चौथ्या वर्षी प्रबंध व त्यावर तोंडी परीक्षा असते.

बिशपच्या अधिकारक्षेत्राकडून अनुदान नसल्याने खर्चाचा मोठा भार देणगीदारांवर आहे. त्यामुळे अभ्यासक्रम पूर्णतः संस्थेच्या हाती राहतो. भारतात विद्यापीठाशी संलग्न कॅथलिक महाविद्यालयांना ही मोकळीक नसते, मुंबईच्या सेंट झेविअर्सलाही (स्था. १८६९) स्वायत्तता २०१० मध्ये मिळाली.

सांता पॉलाचा परिसर १९७८ पासूनचा, लॉस पाद्रेस राष्ट्रीय वनाच्या कडेला. डंकन स्ट्रॉइक यांनी आखलेल्या चॅपलचे अर्पण ७ मार्च २००९ रोजी झाले. ४ डिसेंबर २०१७ रोजी जवळच लागलेल्या वणव्याला महाविद्यालयावरूनच ‘टॉमस फायर’ नाव पडले. सुमारे २ लाख ८२ हजार एकर क्षेत्र जळाले, परिसर मात्र वाचला. तपासात जोराच्या वाऱ्याने एकमेकींवर आपटलेल्या वीजतारा हे कारण पुढे आले.

नॉर्थफील्डचा परिसर मूळचा ड्वाइट मूडी या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने १८७९ मध्ये काढलेल्या मुलींच्या शाळेचा. २००५ मध्ये शाळेने तो सोडल्यावर इमारती रिकाम्या होत्या. अभ्यासक्रम दोन्हीकडे एकच आहे. जुने सेज चॅपल कॅथलिक उपासनेसाठी बदलून घ्यावे लागले.