दोनशे छप्पन्नांत एकदा न जुळणारी किल्ली

कळमना बाजारातले संत्र्याच्या लिलावाचे भाव व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवणारं एखादं ॲप आहे, असं समजू. दिवसभर ते नीट चालतं, मधूनच एखादी जोडणी तुटते आणि पुन्हा बटण दाबलं की लागते. ‘नेटवर्क गेलं असन बाप्पा,’ म्हणून विषय मिटतो. मे महिन्यातल्या नागपुरात तर सर्व्हर तापल्याचं कारणही खपून जातं. खरा दोष मात्र कधीकधी एका फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामातल्या एका तयार तुकड्याच्या, निवडीत असतो.

दोन यंत्रांनी उघड्यावर बोलून संदेश कुलूपबंद करायची गुप्त किल्ली ठरवायची युक्ती व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. २३ आणि ५ हे आकडे सगळ्यांना माहीत. मोबाइल मनात ७ धरतो, ५ चा सातवा घात काढतो आणि २३ ने भागून उरलेली बाकी, म्हणजे १७, पाठवतो. सर्व्हर ३ धरून १० पाठवतो. आता मोबाइल १० चा सातवा घात काढतो, सर्व्हर १७ चा तिसरा. बाकी दोघांकडे १४. हेच त्यांचं गुपित, यावरूनच किल्ली बनते. कागदावर करून बघाच.

प्रत्यक्षात २३ च्या जागी २०४८ बिटांची, म्हणजे २५६ बाइटची अविभाज्य संख्या असते. उत्तराचा पहिला बाइट साधारण दर २५६ वेळांत एकदा शून्य येतो. (हे दोन २५६ सारखे दिसतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.) गणिताला ०४२ आणि ४२ एकच. पण किल्ली बनवणाऱ्या हॅशला, म्हणजे मजकूर घोटून ठरावीक लांबीचा आकडा काढणाऱ्या सूत्राला, २५५ बाइट आणि २५६ बाइट म्हणजे अगदी वेगळा मजकूर. एका बाजूने शून्य टाकलं, दुसरीने ठेवलं, की किल्ल्या जुळत नाहीत आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, फक्त ‘डिक्रिप्शन फेल’ (संदेश उघडला नाही) एवढंच उमटतं.

ओपनएसएसएल या कुलूपबंदीच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये ‘डीएच कम्प्यूट की’ हे फंक्शन सुरुवातीची शून्यं गाळतं. त्याचंच ‘पॅडेड’ नावाचं भावंड ती राखतं. गाळण्याची पद्धत टीएलएस १.२ च्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीच्या जुन्या आवृत्तीच्या, नियमातच होती. लांबी बदलली की हिशेबाला लागणारा वेळही किंचित बदलतो, आणि तेवढ्या फरकावरून गुपित काढण्याचा ‘रॅकून’ हल्ला २०२० मध्ये संशोधकांनी दाखवला. २०१८ च्या टीएलएस १.३ ने लांबी आधीच ठरावीक केली होती.

अशा ठिकाणी ‘दहादा चालवलं, चाललं’ ही चाचणी मी धरतच नाही. दर वेळी नव्या किल्ल्या घेऊन दोन हजार फेऱ्या चालवा आणि दोन्हीकडच्या गुपिताची फक्त लांबी छापा, गुपित नव्हे. शून्याने सुरू होणारं गुपित एकदाही न येण्याची शक्यता मग दोन हजारांत एकाहूनही कमी उरते.