जॅममधून एमएस्सी मॅथ्स : पेपर निघतो, कागदावर अडकतं

आयआयटीत एमएस्सी मॅथ्स करायचं तर जॅम ही एमएस्सीची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पेपर कोड एमए, तीन तास, 60 प्रश्न, 100 मार्क. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत, फायनल इयरवाले पण बसू शकतात. फोटो, सही अपलोड करणं सोपं आहे. फीची सवलत मुली, एससी, एसटी आणि दिव्यांगांना, ओबीसी मुलांना नाही.

खरी अडचण दाखल्याची. सेतूत नुसतं नॉन क्रिमीलेयर मागितलं की राज्याच्या नमुन्यातलं हातात पडतं आणि ते आयआयटीत चालत नाही, तिथे केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल लागतं. अर्ज देतानाच "सेंट्रलचं पाहिजे" म्हणून सांगा, जॅमच्या माहितीपुस्तिकेतला (ब्रोशर) नमुना प्रिंट काढून सोबत न्या आणि दाखला मिळाला की घरी यायच्या आधी ताडून बघा. राज्याचं आणि केंद्राचं वेगळं असतं हे काउंटरवरच सांगायला काय हरकत आहे कळत नाही, पोरं एकाच कागदासाठी दोनदा रांगेत उभी राहतात.

व्हीजे, एनटी, एसबीसी या राज्याच्या प्रवर्गांतल्यांनी नीट वाचा. फॉर्मवर हे पर्यायच नसतात. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघा (उदा. धनगर, वंजारी आहेत), असेल आणि क्रिमीलेयरमध्ये येत नसाल तर ओबीसी-एनसीएल भरा. एसईबीसी (राज्याचा मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) पण केंद्रात नाही, पण उत्पन्न, जमीन, घर यांचे निकष बसत असतील तर केंद्राचा ईडब्ल्यूएस दाखला काढता येतो, त्यासाठी वेगळी धावपळ आहे म्हणून दिवाळीपर्यंत थांबू नका. आणि तारीख! फॉर्म भरताना एक आर्थिक वर्ष असतं, प्रवेशाच्या वेळी एप्रिल उलटून दुसरं सुरू झालेलं असतं, त्यामुळे दाखला कोणत्या तारखेनंतरचा हवा ती ओळ ब्रोशरमध्ये शोधून अधोरेखित करा.

नावाचं पण बघा. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव आहे कुठे नाही. फॉर्मवर आणि परीक्षेला नेणार त्या ओळखपत्रावर नाव सारखं ठेवा, आधार दुरुस्त करायचं असेल तर आत्ताच करा.

आता सगळ्यात वाईट वाटतं ते सांगतो. रँक चांगली येते, घरी पेढे वाटले जातात आणि प्रवेशाचा फॉर्म भरायचाच राहतो. जॅम पास होणं म्हणजे अ‍ॅडमिशन नाही! निकालानंतर त्याच पोर्टलवर वेगळा फॉर्म असतो, त्याची फी वेगळी, कॉलेजांचा पसंतीक्रम त्यातच द्यायचा, आणि पहिली ऑफर आली की मुदतीत उत्तर देऊन पैसे भरले नाहीत तर पुढच्या राउंडमधूनही बाहेर. वरचं कॉलेज मिळेल या आशेवर गप्प बसू नका, त्यासाठीच 'अ‍ॅक्सेप्ट विथ अपग्रेड' दिलंय. स्कोअर एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतो.

एनआयटी हवं असेल तर सीसीएमएनचं (तिथल्या एमएस्सी प्रवेशाचं केंद्रीय काउन्सेलिंग) रजिस्ट्रेशन परत वेगळं, तिथे पदवीला 60 टक्के किंवा 6.5 सीजीपीए मागतात, एससी, एसटी, दिव्यांगांना 55 किंवा 6. तुमच्या मार्कशीटवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीच्या रूपांतराचं पत्र विद्यापीठातून आधीच काढून ठेवा, जूनमध्ये त्या खिडकीवर फार गर्दी असते.