सर्वव्यापी संगणन आणि मोबाइल सेवा

संगणक एका टेबलावर न राहता खोल्यांत, वस्तूंत आणि माणसांच्या खिशांत विखुरलेला असावा, आणि वापरणाऱ्याचे लक्ष यंत्राकडे न जाता हातातल्या कामावर राहावे, या विचाराला सर्वव्यापी संगणन म्हणतात. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ संशोधन केंद्रात मार्क वायझर यांनी १९८८ मध्ये तो मांडला.

मोबाइल सेवांच्या दृष्टीने पहिला महत्त्वाचा प्रयोग मात्र इंग्लंडमधला. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी ‘ॲक्टिव्ह बॅज’ बनवला. कपड्यावर लावलेला हा बिल्ला साधारण दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपला क्रमांक पाठवी आणि खोलीतला संवेदक तो टिपून घेई. कोण कुठल्या खोलीत आहे हे टेलिफोन ऑपरेटरला पडद्यावर दिसे, आणि आलेला फोन त्या माणसाच्या जवळच्या फोनवर जोडून दिला जाई. पुढे ‘पार्क’मध्ये ‘पार्कटॅब’ नावाचे तळहाताएवढे संगणक आले. त्यांतले बहुतेक प्रोग्रॅम नेटवर्कवरच्या मोठ्या संगणकांवर चालत. आजच्या ॲपचीही मोठी कामे अशीच दूरच्या सर्व्हरवर होतात.

आता मोबाइलला जागा कळते ती उघड्यावर जीपीएसने, इमारतीत वाय-फाय किंवा ब्लूटूथने. पण या विचाराचे सर्वांत अस्सल रूप टपरीवर सापडते. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. देशातले डिजिटल पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआय या संस्थेने २०१६ मध्ये आणलेल्या यूपीआयमुळे तो भाजीच्या गाडीवर पोचला. कोडच्या स्टिकरला वीज लागत नाही. त्यात असतो मुख्यतः पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, बाकीचे काम फोन आणि बँकांचे सर्व्हर करतात. शेजारचा साउंडबॉक्स स्वतःच्या सिमवर चालतो आणि जमा झालेली रक्कम मराठीतही बोलून सांगतो, त्यामुळे वडे तळणाऱ्याला कढईवरून नजर हलवावी लागत नाही. वायझर यांना अभिप्रेत होते ते हेच.

सेवा जितकी अचूक, तितका माणसाचा माग अचूक; या क्षेत्रातला सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे. बिल्ला काढून ड्रॉवरमध्ये ठेवता येई. फोन तसा ठेवून दिवस निभत नाही. म्हणून परवानगीची रचना सेवेइतकीच महत्त्वाची ठरते. नेमक्या जागेऐवजी अंदाजे जागाच ॲपला देण्याची सोय आयफोनवर २०२० मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२१ मध्ये आली.