दिवा नेमका कुणाकडे आहे?

टेक्स्ट गेममध्ये ना चित्र, ना आवाज. स्क्रीनवर दोन ओळी उमटतात: 'तुम्ही तळघरात आहात. उत्तरेला बंद दार आहे.' तुम्ही 'दिवा घे' असं टाईप करता आणि प्रोग्रॅम म्हणतो, 'घेतला.' प्रोग्रॅमिंगमधले क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारे साचे) शिकू पाहणाऱ्यासाठी याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही. ग्राफिक्सची कटकट नसल्यामुळे एकच प्रश्न समोर राहतो: कुठली माहिती कुणी सांभाळायची?

सुरुवातीला बहुतेक जण इफ-एल्सची रांग लावतात. खोली 1 मध्ये असताना 'उत्तर' आलं तर खोली 2, नाहीतर 'वाट नाही'. तीन खोल्यांपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग किल्ली येते, दिवा येतो, दिव्यातलं तेल संपायला लागतं आणि एक वस्तू वाढवायची तर जुन्या दहा अटी उकलाव्या लागतात.

क्लासशिवाय असा खेळ लिहिताच येत नाही, असं मुळीच नाही. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे 'अ‍ॅडव्हेंचर'. विल क्राउदर यांनी तो 1970च्या दशकाच्या मध्यावर पीडीपी-10 या संगणकावर फोरट्रान या भाषेत लिहिला आणि 1977 मध्ये डॉन वूड्स यांनी वाढवला. त्यांच्या हाती क्लास नव्हते, होते ते आकड्यांचे तक्ते. प्रत्येक जागेला क्रमांक, प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि कुठली वस्तू कुठे आहे याचा एक तक्ता. वस्तू खेळाडूच्या हातात असेल तर तिथे -1. त्या यंत्राच्या मेमरीतल्या 36 बिटांच्या एका घरात 7 बिटांची पाच अक्षरं मावत, म्हणून खेळही प्रत्येक इंग्रजी शब्दाची पहिली पाचच अक्षरं पाही. त्याला 'नॉर्थ' आणि 'नॉर्थईस्ट' यांतला फरक कळत नसे!

गंमत म्हणजे क्लास तेव्हा अस्तित्वात होते. ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यगार्ड यांनी सिम्युला 67 या भाषेत ते आणले होते, आणि नावाप्रमाणेच ती भाषा सिम्युलेशनच्या, म्हणजे खऱ्या घडामोडींची संगणकावर नक्कल करण्याच्या, कामातून घडली होती. आपलं तळघरही एक छोटं सिम्युलेशनच आहे.

तर तीन क्लास घेऊ: खोली, वस्तू, खेळाडू. (पायथन 3 या भाषेत ही नावं देवनागरीत लिहिलेलीही चालतात.) खोलीला स्वतःचं वर्णन, वाटा आणि आत पडलेल्या वस्तूंची लिस्ट ठाऊक. खेळाडूला आपण कुठल्या खोलीत आहोत आणि हातात काय आहे, एवढंच ठाऊक. 'दिवा घे' म्हटलं की दिवा खोलीच्या लिस्टमधून निघून खेळाडूच्या लिस्टमध्ये जातो. ही दोन कामं कोडमध्ये दोन ठिकाणी विखुरली तर कधीतरी एकच दिवा दोन जागी दिसेल, किंवा कुठेच दिसणार नाही. म्हणून दोन्ही एकाच मेथडमध्ये (क्लासच्या आत लिहिलेल्या फंक्शनमध्ये) हवीत, आणि बाकीच्या कोडने त्या लिस्टला परस्पर हात लावू नये. माझ्या मते क्लासचं अर्धं शिक्षण इथेच होतं.

उरलेलं एका बगमधून होतं. 'क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली मूर्त' ही उपमा सगळीकडे ऐकू येते. ती ठीक आहे, पण एक गोष्ट लपवते: साचा स्वतःही वस्तू बाळगू शकतो. पायथनमध्ये वस्तूंची रिकामी लिस्ट __इनिट__च्या (प्रत्येक नवा ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या मेथडच्या) आत न लिहिता थेट क्लासच्या अंगात लिहिली, तर ती साच्याची होते आणि सगळ्या खोल्या तीच एक लिस्ट वापरतात. तळघरात दिवा ठेवला की तो माळ्यावरही दिसतो, अंगणातही दिसतो. एरर मात्र एकही येत नाही. पुस्तकांतल्या बँक खात्याच्या ठरावीक उदाहरणात ही भानगड सहसा दिसतच नाही. इथे दुसऱ्या खोलीत पाऊल टाकताच दिसते.

इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास बेतण्याचा, मोह मात्र आवरावा. दगड, दोरी, किल्ली यांच्यासाठी वेगळे क्लास नकोत. त्यांच्यात फक्त नावाचा फरक आहे. दिवा पेटतो, विझतो, त्याचं तेल घटतं, म्हणून त्याला वेगळा क्लास शोभतो.

आता कोड्याकडे, म्हणजे हा खेळ शेवटापर्यंत सुटतो का या प्रश्नाकडे. सहा खोल्या, तीन वस्तू आणि एक कुलूपबंद दार असं धरा. प्रत्येक वस्तू सहापैकी एका खोलीत किंवा हातात, म्हणजे सात शक्यता. तीन वस्तूंच्या मिळून 343. खेळाडूच्या सहा जागा आणि दाराच्या दोन अवस्था धरल्या की जास्तीत जास्त 4116 स्थिती होतात. संगणकाला हे काहीच नाही. सुरुवातीच्या स्थितीतून प्रत्येक आज्ञा देऊन पाहायची, नवी स्थिती मिळाली की यादीत टाकायची, आणि मग प्रत्येक स्थितीतून शेवटापर्यंत पोचता येतं का ते तपासायचं. सगळी माहिती मोजक्या ऑब्जेक्टांत असेल तर स्थितीची नक्कल काढणं सोपं जातं. ग्लोबल व्हेरिएबल (कोडमध्ये कुठूनही बदलता येणाऱ्या नोंदी) कोडभर पसरलेले असतील तर कुठला राहून गेला हे शोधण्यातच दिवस जातो.

अशा तपासणीत सापळे उघडे पडतात. समजा माळ्यावरून तळघरात नेणारी घसरगुंडी आहे आणि वर परतायला वाट नाही. किल्ली माळ्यावर विसरून खेळाडू खाली आला, तर खेळ चालू दिसतो, आज्ञा पाळतो, पण खेळ सुटणं आता अशक्य. उपाय म्हणून किल्ली हातात नसेल तर घसरूच द्यायचं नाही, असं ठरवलं. मग ही अट लिहायची कुठे? खेळाडूच्या क्लासमध्ये घातली तर त्याला प्रत्येक घसरगुंडीची माहिती ठेवावी लागेल. खोलीच्या क्लासमध्ये घातली तर एका माळ्यासाठी सगळ्याच खोल्यांचा कोड फुगेल. आतापर्यंत वाट म्हणजे खोलीतली एक साधी नोंद होती, 'उत्तरेला अमुक खोली'. आता तिला स्वतःची अट आहे, दाराला कुलूप आहे, घसरगुंडीला दिशा आहे. चौथा क्लास वाटेचा.